लिव्हर ॲब्सेस: आठ सेंटीमीटर दिसला म्हणजे पिगटेल टाकायचीच का?

केदार_रामबाग

नमस्कार मंडळी,

धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडून इंदूरला लिव्हर ॲब्सेसचे (लिव्हरमध्ये पू साठलेले) पेशंट सतत येतात आणि दर वेळी वॉर्डात तोच वाद होतो. नुसत्या मेट्रोनिडाझोलवर (अमीबा मारणारं औषध) ठेवायचं, सुईने पू काढायचा, की सरळ पिगटेल (पू बाहेर काढणारी, टोकाला वेटोळं असलेली नळी) टाकायची? एका पुस्तकात पाच सेंटीमीटरची मर्यादा, दुसऱ्यात दहाची.

चर्चेसाठी केस अशी धरू. ३४ वर्षांचा शेतमजूर, रोज ताडी. नऊ दिवस ताप, उजव्या कुशीत दुखणं, खोल श्वास घेतला की कळ उजव्या खांद्यात. नाडी ११०, बीपी ११०/७०. पांढऱ्या पेशी १८,४००, बिलिरुबिन १.४, अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं, अल्ब्युमिन २.६, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) १.६, साखर नॉर्मल. सोनोग्राफीत सेगमेंट ७ मध्ये (लिव्हरचा उजवा, वरचा-मागचा भाग) एकच ॲब्सेस, ८.२ × ७.६ × ७.४ सेंमी. कॅप्सूलपर्यंत (लिव्हरच्या बाहेरच्या आवरणापर्यंत) लिव्हरची कड जेमतेम ६ मिमी. उजव्या छातीत थोडं पाणी. पोट मऊ.

तुम्ही काय कराल आणि कशाच्या आधारावर? माझं मत आधीच मांडतो: केवळ आकड्यावरून पिगटेल टाकणं मला पटत नाही. आणि अशाच केसेसवर थीसिस करायचा असेल तर कोणती नोंद सुटता कामा नये, तेही सांगा.

---

सोनोवाली_मुग्धा

केदार, तिन्ही मापं दिलीस हे फार बरं केलंस. रिपोर्टमध्ये नुसतं 'आठ सेंमी' लिहिलं की काहीच कळत नाही. तिन्ही मापांचा गुणाकार करून ०.५२ ने गुण, तुझ्या केसमध्ये साधारण २४० मिली येतात. पाच सेंमीचा गोल ॲब्सेस म्हणजे ६५ मिली आणि दहा सेंमीचा म्हणजे ५२० मिली. व्यास दुप्पट, पू आठपट. म्हणून 'पाच की दहा' हा वाद सेंटीमीटरमध्ये वाटतो त्याहून कितीतरी मोठा आहे.

दुसरं, आतला माल पातळ झालाय की नाही ते बघायला हवं. पहिल्या आठवड्यात ॲब्सेस पुष्कळदा घट्ट गाठीसारखा दिसतो. तेव्हा सुई घातली तर थेंबभर रक्ताळलेला द्रव येतो आणि 'ड्राय टॅप' म्हणून नोंद होते. प्रोबने हलकं दाबल्यावर आतले ठिपके हलले तर द्रव आहे असं समजा. नऊ दिवसांनी बहुधा पातळ झालेला असतो, पण गृहीत धरू नये.

माझ्या लेखी आकारापेक्षा ती ६ मिमीची कड मोठी आहे.

---

जुना_इंदूरकर

थोडा इतिहास सांगतो, कारण उत्तर तिथेच दडलंय.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमीबिक (अमीबा या परजीवीमुळे होणारा) ॲब्सेस उघडून पू काढत. तो उघड्या जखमेतून आठवडेच्या आठवडे वाहायचा, बाहेरचे जंतू आत शिरायचे आणि पेशंट त्या दुसऱ्या संसर्गाने जायचा. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्सनी दोन गोष्टी धरून लावल्या: पू काढायचाच तर बंद पद्धतीने, सुईने काढायचा, आणि सोबत औषध द्यायचं. १९१२ साली त्यांनी एमेटिनची इंजेक्शनं वापरात आणली. एमेटिन हृदयाला घातक, त्यामुळे डोस मोजून मापून. मग १९६६ साली डरबनहून पॉवेल आणि सहकाऱ्यांनी मेट्रोनिडाझोल अमीबिक ॲब्सेसवर चालतं हे दाखवलं आणि सगळं चित्र पालटलं.

मेट्रोनिडाझोल तोंडाने दिलं तरी जवळजवळ सगळं रक्तात उतरतं, आणि पुवातही पोहोचतं. म्हणजे पेशंट ओकत नसेल तर सलाइनमधूनच द्यायला हवं असं काही नाही. आपल्याकडे गोळी ४०० मिग्रॅची, म्हणून ८०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, सात ते दहा दिवस. अमीबिक असेल तर बहुतेकांचा ताप ७२ ते ९६ तासांत उतरायला लागतो.

म्हणून माझं मत: पेशंट स्थिर असेल तर आधी औषध, आणि ते ७२ तास डोळ्यांत तेल घालून बघणं. सुई हातात आहे म्हणून टोचायची नाही.

---

निमाडी_डॉक्टर

सरांशी सहमत. पण हे 'डोळ्यांत तेल' तालुक्याच्या जागी कसं घालायचं? सोनोग्राफी आठवड्यातून दोनच दिवस असते. कोणाला ठेवायचं आणि कोणाला इंदूरला पाठवायचं, एवढं नेमकं कोणी सांगेल का?

---

प्रयोगशाळेतून

सगळे 'अमीबिक' धरूनच बोलताय. आधी ते ठरवावं लागेल.

अमीबिकच्या बाजूने: तरुण पुरुष, दारू किंवा ताडी, उजव्या बाजूला एकच ॲब्सेस, साखर नॉर्मल. पायोजेनिकच्या (बॅक्टेरियामुळे होणाऱ्याच्या) बाजूने: वय जास्त, डायबेटिस, पित्तनलिकेत खडा किंवा स्टेंट, अनेक छोटे ॲब्सेस, ठसठशीत कावीळ. केदारची केस अमीबिककडे झुकते. झुकते, एवढंच.

तपासण्यांचं सांगते. शौच तपासणीत अमीबा बहुतेकांत सापडत नाही. सापडला तरी सूक्ष्मदर्शकाखाली एंटअमीबा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी एंटअमीबा डिस्पार सारखेच दिसतात. आयजीजी एलायझा (रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) संवेदनशील आहे, पण एकदा होऊन गेलेल्या संसर्गानंतर वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते आणि पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून आपल्या भागात निगेटिव्ह निकालाला किंमत जास्त, तोही आजार आठवड्याहून जुना असेल तरच.

पू पाठवताना सगळ्यात जास्त घोळ होतो. चॉकलेटी रंगाचा, वास नसलेला जो द्रव येतो तो विरघळलेल्या लिव्हरच्या पेशींचा असतो, त्यात अमीबा क्वचितच दिसतो. तो असतो भिंतीला चिकटून. म्हणून सुरुवातीच्या पिचकारीऐवजी शेवटचा, भिंतीजवळचा, थोडा लालसर भाग वेगळ्या बाटलीत द्या आणि अर्ध्या तासात पोहोचवा. थंड झालं की अमीबाची हालचाल थांबते, मग तो पांढऱ्या पेशींपासून वेगळा ओळखणं कठीण. उरलेला पू ब्लड कल्चरच्या (जंतू वाढवून बघण्याच्या) बाटल्यांत, एरोबिक आणि ॲनेरोबिक दोन्ही. फॉर्मलिनमध्ये पू घालून पाठवला तर कल्चर तर गेलंच, पीसीआरही बिघडतं.

आणि रक्ताचं कल्चर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी. हे दर धाग्यावर लिहावं लागतं.

---

केदार_रामबाग

ताई, शेवटच्या पिचकारीचं आजच वॉर्डात चिकटवतो.

---

बडोदेकर_एचपीबी

बडोद्याहून थोडा वेगळा सूर लावतो. सरांचा मान राखून.

'आधी औषध' हे तत्त्व बरोबर, पण पू काढायचाच ठरलं तर पुन्हा पुन्हा सुई टोचण्यापेक्षा पिगटेल सरस आहे. चंदीगडच्या पीजीआयचा १९९८चा तुलनात्मक अभ्यास बघा: ५० पेशंट, सुईने ६० टक्के यशस्वी, कॅथेटरने, म्हणजे नळीने, १०० टक्के. कारण सरळ आहे. पू दाट असतो, सुईने पहिल्या दिवशी निम्मा निघतो आणि दोन दिवसांत पोकळी पुन्हा भरते.

---

आकडेमोड

बडोदेकर सर, तो अभ्यास उद्धृत करताना शेजारी हाँगकाँगचा २००४चा ठेवा. पायोजेनिक ॲब्सेसचे ६४ पेशंट, सुई वारंवार वापरायला मुभा, आणि निकालात सुई कॅथेटरपेक्षा कमी ठरली नाही. दोन्ही अभ्यास रँडमाइज्ड, म्हणजे पेशंट चिठ्ठी टाकल्यासारखे गटांत वाटलेले. निकाल वेगळे का? पेशंट वेगळे हे एक कारण. 'अपयश' कशाला म्हणायचं ही व्याख्या हे दुसरं, आणि माझ्या मते मोठं. थोड्याच टोचण्यांनंतर 'सुई हरली' म्हणायचं ठरवलं तर सुई हरणारच. गरज पडेल तितक्या वेळा टोचू दिलं तर तीच सुई जिंकते.

मूळ प्रश्नासाठी तर तिसरंच बघायला हवं: औषध विरुद्ध औषध अधिक सुई. गुंतागुंत नसलेल्या अमीबिक ॲब्सेसवर २००९ची कॉक्रेन समीक्षा (अनेक चाचण्या एकत्र तपासणारी) आहे. सात चाचण्या, सगळ्या मिळून ३१० पेशंट, दर्जा कमी. निष्कर्ष असा की सुईचा फायदा सिद्धही होत नाही आणि खोडताही येत नाही. म्हणजे जो छातीठोकपणे 'टाकाच' म्हणतो त्याच्याकडे पुरावा नाही, आणि 'टाकूच नका' म्हणणाऱ्याकडेही नाही.

आता केस सिरीजमध्ये नेहमी होणारी एक चूक. समजा, औषध सुरू केलं, तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून नळी टाकली, चौथ्या दिवशी ताप गेला. लिहिताना 'नळीनंतर २४ तासांत ताप उतरला' असं लिहितात आणि औषधवाल्यांचे दिवस मात्र भरती झाल्यापासून मोजतात. हा ताप चौथ्या दिवशी नळीशिवायही उतरला असता का, हे त्या आकड्यात कळतच नाही. दोन्ही गटांचं घड्याळ मेट्रोनिडाझोलच्या पहिल्या डोसपासूनच सुरू करायला हवं.

---

बडोदेकर_एचपीबी

घड्याळाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. चंदीगडच्या आकड्यावर मी जास्त भार दिला, तेही मान्य. पण दाट पुवाचं निरीक्षण मागे घेत नाही.

---

सोनोवाली_मुग्धा

नळी टाकायचं ठरलंच तर पद्धत लिहून ठेवते. थीसिसमध्येही 'पिगटेल टाकली' एवढ्या दोन शब्दांवर भागवू नये.

आधी आयएनआर १.५ च्या आत आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर. केदारच्या केसमध्ये १.६ आहे, दारू, उपासमार आणि आजार मिळून असं होतं. व्हिटॅमिन के १० मिग्रॅ शिरेतून हळूहळू, रोज एकदा, तीन दिवस. घाई असेल तर प्लाझ्मा.

मार्ग निवडताना दोन नियम. नळी निरोगी लिव्हरच्या किमान एक-दोन सेंटीमीटर थरातून आत जायला हवी. कड सहा मिलीमीटरची आहे तिथूनच थेट घुसलं तर नळीच्या बाजूने पू पोटात झिरपतो. मोह मात्र तिथूनच होतो, कारण ॲब्सेस तिथे सगळ्यात जवळ असतो. दुसरा नियम, फुप्फुसाचं आवरण टाळायचं. सेगमेंट ७ वर आणि मागे असतो, म्हणून खालून तिरकं वर जावं लागतं. मिडअॅक्सिलरी रेषेवर दहाव्या बरगडीच्या खाली राहिलेलं बरं, आणि दोन बरगड्यांमधून जायचं तर खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून, म्हणजे शिरा-धमन्या वाचतात.

२ टक्के लिग्नोकेन त्वचेपासून लिव्हरच्या कॅप्सूलपर्यंत. कॅप्सूल नीट बधिर झाली नाही तर पेशंट डायलेटरच्या (मार्ग रुंद करणाऱ्या नळीच्या) वेळी श्वास रोखतो आणि लिव्हर जागची हलते. १८ गेजची सुई, थोडा पू काढून खात्री, मग ०.०३५ इंचाची ताठ गाइडवायर पोकळीत एक वेटोळं होईपर्यंत. डायलेटर ८, १०, १२ अशा क्रमाने. डायलेटर वायरच्या दिशेतच ढकलायचा; वायर वाकली की मार्ग चुकतो आणि पोकळीऐवजी लिव्हरच्या मांसात खोटा मार्ग तयार होतो. दाट पुवाला १२ ते १४ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप). ८ फ्रेंच टाकून दुसऱ्या दिवशी 'ड्रेन येत नाही' म्हणणं व्यर्थ आहे.

नळीची सगळी भोकं पोकळीत आहेत ना, ते शेवटी सोनोग्राफीवर बघायचंच. एक भोक जरी बाहेर राहिलं तरी पेशंटचं पोट दुखू लागतं. आणि सगळा पू जोर लावून एका दमात ओढू नका, भिंतीतून रक्त येतं.

---

वॉर्डातली_सुनंदा

मुग्धा मॅडमनी नळी टाकली की पुढचं आम्हा सिस्टर लोकांकडे. थोडं लिहिते.

दर आठ तासांनी १० मिली सलाइनने फ्लश. म्हणजे दिवसाला ३० मिली आपणच आत घातलं. बॅगेत ३० मिली दिसलं आणि चार्टवर 'ड्रेन ३०' लिहिलं तर खरा पू शून्य आहे! किती आत घातलं त्याचा वेगळा रकाना हवा आणि वजाबाकी करूनच आकडा सांगायचा. राउंडला नळी काढायची की नाही हे याच आकड्यावर ठरतं.

फ्लश करताना अडकलं किंवा पेशंटला कळ आली तर जोर लावायचा नाही. आधी थ्री-वे (नळीवरची तीन तोंडांची चावी) कुठल्या बाजूला फिरलाय ते बघा, मग पेशंट नळीवर झोपलाय का, मग टाक्याजवळ नळी मुडपली आहे का. यातलंच काहीतरी असतं. बॅग कमरेच्या खाली. वॉर्डबॉय पेशंटला सोनोग्राफीला नेताना बॅग पोटावर ठेवतात, तेव्हा सगळं परत आत जातं.

काढताना नळीचा आतला दोरा आधी सोडवायचा. हबपाशी (नळीच्या बाहेरच्या जोडापाशी) नळी कापली की दोरा सुटतो आणि वेटोळं सरळ होतं. तसंच ओढलं तर पेशंट ओरडतो आणि लिव्हर फाटू शकतं.

---

आकडेमोड

सुनंदाताई, तुमचा 'वजाबाकीचा रकाना' थीसिसच्या प्रोफॉर्मात (नोंदींच्या फॉर्मात) जसाच्या तसा जायला हवा.

---

सराफा_खवय्या

मी डॉक्टर नाही, घरात एकाला हा आजार झाल्यापासून वाचतोय. एकच विचारतो. हा अमीबा येतो कुठून? सराफा बाजारातलं खाणं सोडायचं का भिया?

---

प्रयोगशाळेतून

काका, अमीबाच्या सिस्ट शौचातून बाहेर पडतात आणि पाणी, हात, कच्च्या भाज्या यांतून पोटात जातात. पिण्याच्या पाण्यात नेहमी टाकतात तेवढ्या क्लोरीनने त्या खात्रीने मरत नाहीत, उकळल्यावर मरतात. म्हणून कढईतून गरम निघालेला भुट्ट्याचा कीस आणि जलेबी खुशाल खा. कापून उघडी ठेवलेली फळं, बर्फाचा गोळा आणि पाणीपुरीचं पाणी यांच्याबाबत मात्र विचार करा. आणि हात साबणाने धुवा. अल्कोहोलच्या हँडरबवर सिस्टसाठी भरवसा ठेवू नका.

घरात पेशंट आहे म्हणून घरच्यांची शौच तपासणीही करून घ्या.

---

सराफा_खवय्या

कीस वाचला! बाकीचं सांभाळतो. मनापासून आभार.

---

भूलवाला_अभय

एक गोष्ट सगळ्यांकडून राहिली. पेशंट रोज ताडी पिणारा आहे आणि आपण त्याला भरती केलं, म्हणजे ताडी अचानक बंद झाली.

शेवटच्या प्यालानंतर ४८ ते ९६ तासांत डेलिरियम ट्रेमेन्स (दारू तुटल्याने होणारा भ्रम आणि थरथर) येऊ शकतो. आणि ते ७२ तास, ज्यांत आपण औषधाचा परिणाम बघत बसलोय, नेमके हेच. पेशंटला ताप, घाम, नाडी १३०, बडबड, हात थरथरतात. राउंडवाले म्हणतात सेप्सिस (अंगभर पसरलेला संसर्ग) वाढला, औषध लागू होत नाही, पिगटेल टाका. टाकली की रात्री तो ती उपटतो. उपटलेल्या मार्गातून पू पोटात.

म्हणून भरतीच्या वेळीच विचारा: शेवटचं कधी प्यायला, रोज किती, आधी कधी पिणं सोडल्यावर फिट आली होती का. थायमिन १०० मिग्रॅ, ग्लुकोज चढवण्याच्या आधी. झोपेचं औषध लागलं तर अशा लिव्हरला डायझेपामपेक्षा लोराझेपाम बरं. पण गुंगी लिव्हर थकल्यामुळे असेल तर तेही जपून.

मेट्रोनिडाझोल सुरू असताना आणि संपल्यावर तीन दिवस दारू बंद, हे नातेवाइकांना बजावून सांगा. बाहेरून ताडी आणून देणारे तेच असतात.

---

जुना_इंदूरकर

अभय, हे सगळ्यात मोलाचं लिहिलंत. तिसऱ्या दिवसाच्या तापाचं कारण ॲब्सेस की ताडी, हे वेगळं केल्याशिवाय 'औषध फेल' हा शब्द केसपेपरवर लिहूच नये.

निमाडी डॉक्टर, तुमचा प्रश्न राहून गेला. लगेच पाठवा: बीपी पडलेलं, श्वास ३० च्या वर, पोट लाकडासारखं कडक, डाव्या लोबमध्ये ॲब्सेस, ठसठशीत कावीळ, डायबेटिस, गरोदर स्त्री, किंवा मेट्रोनिडाझोलचे पूर्ण तीन दिवस होऊनही ताप तसाच. डाव्या लोबची भीती अशी की तो फुटला तर हृदयाच्या आवरणात फुटतो आणि तिथे वेळ मिळत नाही. पाठवताना मेट्रोनिडाझोल आणि सेफ्ट्रिअॅक्सोनचा (बॅक्टेरियावरचं अँटिबायोटिक) पहिला डोस तिथेच द्या, आणि तुमच्याकडे कल्चरची बाटली असेल तर रक्त आधी काढून सोबत पाठवा. बाकीचे, म्हणजे खातोपितो, पोट मऊ, उजव्या बाजूला लहान ॲब्सेस, ते तुमच्याकडेच बरे होतात.

---

निमाडी_डॉक्टर

यादी उतरवून घेतली सर. डायबेटिसवाला लगेच पाठवायचा, एवढं मात्र कळलं नाही.

---

प्रयोगशाळेतून

सरांच्या वतीने मी सांगते. डायबेटिस असलेल्यांत क्लेब्सिएला न्यूमोनीचा अतिविषारी प्रकार ॲब्सेस करतो आणि रक्तातून दूर जातो: डोळा, मेंदू, फुप्फुस. अशा पेशंटने 'डोळा दुखतोय, धूसर दिसतंय' म्हटलं की त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. एक रात्र थांबलं तर दृष्टी जाऊ शकते.

कल्चर प्लेटवरची कॉलनी लूपने उचलली आणि तार ५ मिमीपेक्षा लांब ताणली गेली तर स्ट्रिंग टेस्ट पॉझिटिव्ह, म्हणजे हाच प्रकार असण्याची शक्यता. यंत्र लागत नाही, कोणत्याही लॅबमध्ये होते. याच क्लेब्सिएला ॲब्सेसवर सिंगापूरची २०२०ची चाचणी आहे, १५२ पेशंटची: सुरुवातीच्या इंजेक्शनांनंतर तोंडाने सिप्रोफ्लॉक्सासिन शिरेतल्या सेफ्ट्रिअॅक्सोनपेक्षा कमी ठरलं नाही. पण आपल्याकडे सिप्रोला दाद न देणारे जंतू पुष्कळ, म्हणून सेन्सिटिव्हिटी बघूनच.

---

केदार_रामबाग

आणि हायडॅटिड (जंतामुळे होणारी पाण्याची गाठ) असेल तर? नकळत सुई गेली तर काय, याची धास्ती असते.

---

सोनोवाली_मुग्धा

धास्ती रास्त आहे. हायडॅटिडमध्ये ताप बहुधा नसतो, भिंत ठळक असते, आत छोट्या पिशव्या किंवा तरंगणारा पापुद्रा दिसतो. शंका असेल तर सीटी आणि सेरॉलॉजी झाल्याशिवाय सुई नाही. पापुद्रा दिसत असताना 'बघू या काय येतं' म्हणून टोचायचं नाही, ॲनाफिलॅक्सिस होऊ शकतो. उलट, चाळिशीच्या पुढच्या पेशंटमध्ये औषध पूर्ण होऊनही जाड, वेडीवाकडी भिंत राहिली तर कुजलेला ट्यूमर मनात असू द्या. अल्फा फीटोप्रोटीन आणि तीन फेजचा सीटी.

---

बडोदेकर_एचपीबी

पोट उघडायची वेळ कधी येते, तेही नोंदवतो, कारण धाग्याचा विषय शेवटी सर्जरीचा आहे.

फुटलेला ॲब्सेस म्हणजे लॅपरॉटॉमी, असं आता राहिलं नाही. लिव्हरभोवती बंदिस्त राहिलेला पू असेल तर एक पिगटेल ॲब्सेसमध्ये आणि दुसरी बाहेरच्या साठ्यात, एवढ्यावर बहुतेक निभावतं. पोट उघडावं लागतं ते सगळीकडे पसरलेल्या पेरिटोनायटिसला, नळी टाकूनही सेप्सिस वाढत असेल तेव्हा, किंवा आतडं गेलंय अशी शंका असेल तेव्हा. उघडल्यावर पू धुऊन बाहेर पडू नका. सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) आणि उजवं कोलन (मोठं आतडं) हाताने, डोळ्यांनी पूर्ण तपासा. ओल्या टीपकागदासारखं झालेलं कोलन टाक्याला धरत नाही, तिथे शिवत बसण्यात अर्थ नसतो, तो भाग काढून स्टोमा (आतड्याचं तोंड पोटावर) करावा लागतो. ॲब्सेसच्या पोकळीत बोट घालून पडदे मोडताना घट्ट दोऱ्या तोडू नका. त्या दोऱ्या म्हणजे पोकळीतून जाणाऱ्या रक्तवाहिन्या असू शकतात. भिंतीचा तुकडा बायोप्सीला पाठवाच.

नळीतून दोन गोष्टी आल्या तर सावध. पित्त आलं तर ॲब्सेसचा पित्तनलिकेशी संबंध आहे. मोठा ॲब्सेस आणि कावीळ ही जोडी आधीच ते सुचवते. थोडं असेल तर थांबा, रोज भरपूर येत राहिलं तर ईआरसीपी (दुर्बिणीने पित्तनलिकेत जाणं) करून स्टेंट. दुसरं, लालभडक रक्त. नळी क्लॅम्प करा, सीटी अँजिओ करा. धमनीचा फुगा असेल तर एम्बोलायझेशन (ती धमनी आतून बंद करणं). अशा वेळी नळी ओढून काढणं सगळ्यात वाईट.

---

आकडेमोड

केदारच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, थीसिसच्या.

रँडमाइज्ड चाचणी करायची असेल तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंद होत नाही. एथिक्स कमिटीची मंजुरी त्याच्याही आधी. नुसती केस सिरीज असेल तर कोणते पेशंट घेतले आणि कोणते वगळले, का वगळले, हे पहिल्या परिच्छेदात हवं. 'रेफर होऊन आलेले' आणि 'थेट आलेले' वेगळे ठेवा. इंदूरला पोहोचेपर्यंत अनेकांच्या पोटात मेट्रोनिडाझोलचे चार-पाच डोस गेलेले असतात आणि आपण त्यांना 'पहिला दिवस' धरतो.

नोंदी कोणत्या? पहिल्या डोसची तारीख आणि वेळ. तिन्ही मापं आणि मिली. कड किती मिलीमीटर. पहिल्या वेळी किती पू निघाला. पिण्याचा प्रकार आणि शेवटचा प्याला कधी, कारण ताडी, महुआ आणि बाटलीतली दारू एकाच रकान्यात टाकली तर पुढे काहीच सांगता येत नाही. नळी टाकण्याचं कारण टाकण्याच्या क्षणी लिहिलेलं हवं, डिस्चार्जच्या दिवशी आठवून लिहिलेलं नको. एकट्या केसचा रिपोर्ट लिहायचा असेल तर सर्जिकल केससाठी स्केअरची यादी आहे, २०१६ पासून. तिच्यात पेशंटची लेखी संमती आणि फॉलोअप दोन्ही मागितले जातात.

---

जुना_इंदूरकर

आता केदारच्या पेशंटकडे परत येऊ, तो बिचारा अजून वॉर्डातच पडून आहे.

पहिला दिवस: रक्ताचं कल्चर, मग मेट्रोनिडाझोल ८०० तीनदा आणि सेफ्ट्रिअॅक्सोन, कल्चर निगेटिव्ह आल्यावर सेफ्ट्रिअॅक्सोन बंद. व्हिटॅमिन के, थायमिन. छातीतल्या पाण्याला हात नाही, ते पडद्याला लागून असलेल्या सुजेचं पाणी आहे. वाढलं आणि श्वास लागला तरच बघायचं. दिवसातून दोनदा त्याच माणसाने त्याच जागी, ॲब्सेसवरच्या दोन बरगड्यांमध्ये बोटाने दाबून दुखणं तपासायचं. आकार २४० मिली, कड सहा मिलीमीटर, पेशंट स्थिर: मी तीन दिवस थांबेन.

---

बडोदेकर_एचपीबी

मी आयएनआर सुधारताच, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, निदान सुईने पू काढेन. सेगमेंट ७ फुटला तर छातीत फुटतो, आणि तो पेशंट खोकल्यातून चॉकलेटी पू टाकत महिनाभर राहतो.

---

सोनोवाली_मुग्धा

दोघांमध्ये अंतर एका दिवसाचं उरलंय सर. रोज दोन मिनिटं प्रोब ठेवून कड मोजली तर तेही मिटेल. सहाची चार झाली, किंवा बरगडीतलं दुखणं वाढलं, तर त्याच दिवशी सुई. सहाचीच राहिली आणि ताप उतरतोय तर हात मागे.

---

जुना_इंदूरकर

मंजूर.

---

बडोदेकर_एचपीबी

मलाही. मोजणारी व्यक्ती मात्र रोज तीच हवी.

---

केदार_रामबाग

रोजच्या कडेचा रकाना प्रोफॉर्मात आत्ताच घातला. शेवटचं विचारतो: नळी कधी काढायची आणि डिस्चार्ज कार्डावर काय लिहायचं?

---

वॉर्डातली_सुनंदा

नळी: वजाबाकीनंतर सलग दोन दिवस १० ते २० मिलीच्या आत, ताप नाही, आणि सोनोग्राफीत पोकळी मिटलेली. ड्रेन अचानक शून्य झाला आणि ताप मात्र आहे, तर नळी तुंबली आहे, काढायची नाही.

---

जुना_इंदूरकर

कार्डावर मेट्रोनिडाझोलच्या पुढची ओळ हवीच: डायलोक्सानाइड फ्युरोएट ५०० मिग्रॅ तीनदा, दहा दिवस. मेट्रोनिडाझोलने लिव्हरमधला अमीबा मरतो, पण जवळपास निम्म्या पेशंटच्या आतड्यात तो राहून जातो आणि पुन्हा आजार करतो, घरच्यांनाही देतो. गोळी स्वस्त आहे, पण गावात मिळेलच असं नाही, म्हणून दहा दिवसांच्या तीस गोळ्या इथूनच हातात द्या.

आणि एक ओळ पुढच्या सोनोग्राफीवाल्यासाठी लिहा: 'पोकळी तीन ते नऊ महिने दिसू शकते, पेशंटला लक्षणं नसतील तर पुन्हा औषध किंवा सुई नको.' ही ओळ नसली की महिन्याभराने कुणीतरी चार सेंटीमीटरचा काळा गोल बघतं आणि त्याला पुन्हा १० दिवस मेट्रोनिडाझोल चालू करतं. हातापायांना मुंग्या येऊ लागतात, चालताना तोल जातो, आणि मग तो न्यूरोच्या ओपीडीत सापडतो.

---

केदार_रामबाग

लिहितो सर. निमाडी डॉक्टर, तुमच्याकडे परत येणाऱ्या पेशंटच्या कार्डावर ही ओळ सापडली नाही तर इथे कळवा.